हॉटस्पॉट लाव ना : घराच्या इंटरनेटची राहून गेलेली गोष्ट

आजच्या भागाचा विषय तुमच्या खिशातच आहे.

"हॉटस्पॉट लाव ना जरा." हे वाक्य या आठवड्यात तुम्ही एकदा तरी बोलला असाल, नाहीतर ऐकलं असेल. हॉस्टेलवर, पीजीमध्ये, गावच्या घरी, एसटीत, अगदी लग्नाच्या हॉलवरसुद्धा. आता या वाक्याकडे नीट बघा. पाणी हवं असेल तर आपण नळ सोडतो. लाइट हवा असेल तर बटण दाबतो. पण नेट हवं असेल तर आपण माणसाला विनंती करतो. दादाला, ताईला, रूममेटला. आपलं इंटरनेट भिंतीतून येत नाही, कुणाच्या तरी खिशातून येतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळतोय. अमेरिकेत, फ्रान्समध्ये, दक्षिण कोरियात आधी घरात तार आली, मग त्या तारेवर वायफाय आलं आणि मग फोनवर नेट आलं. आपल्याकडे बहुतेक घरांत पहिल्या दोन पायऱ्या आल्याच नाहीत. एकदम तिसरी आली. का? "आपण गरीब होतो" हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं काही निर्णयांमध्ये आहे. त्या निर्णयांची किंमत घरातल्या प्रत्येकाने सारखी मोजलेली नाही. शेवटी मला तिथेच यायचंय. पण सुरुवातीपासून जाऊ.

पंधरा दिवसांचं अंतर

३१ जुलै १९९५. कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला. भारतातला हा पहिला मोबाइल कॉल. आणि १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगम, म्हणजे व्हीएसएनएलने, सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. म्हणजे बघा, मोबाइल आणि इंटरनेट आपल्या देशात पंधरा दिवसांच्या अंतराने जन्मले. जुळी भावंडंच म्हणा. पण वाढली वेगवेगळ्या घरांत.

इंटरनेट गेलं लँडलाइनच्या घरी. डायलअप मॉडेम टेलिफोनच्या तारेला जोडायचा, तो कुईं-कुईं आवाज करायचा आणि नेट चालू असेपर्यंत फोन एंगेज लागायचा. सुरुवातीचा वेग होता ९.६ केबीपीएस. या वेगाने आजचा साधा ३ एमबीचा फोटो उतरायला चाळीस मिनिटांच्या वर लागतील. आणि दर? तासांच्या हिशोबाने, वर्षाला हजारो रुपये. वर टेलिफोनचं बिल वेगळं.

पण खरी अडचण दराची नव्हती, तारेची होती. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात सरकारने स्वतःच लिहिलंय की भारतात शंभर माणसांमागे फोन आहेत ०.८. म्हणजे शंभर जणांत एक फोनही पुरा नाही. लँडलाइनसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघत होते. ज्या देशात टेलिफोनची तारच घरापर्यंत पोचलेली नाही, तिथे तारेवरचं इंटरनेट कुणाच्या घरी जाणार? म्हणून आपल्या आधीच्या पिढीला इंटरनेट भेटलं ते सायबर कॅफेत. प्लायवूडचे कप्पे, तासाला वीस-तीस रुपये आणि बाहेर बाकड्यावर नंबर. तेव्हाही नेट घराचं नव्हतंच. दुकानाचं होतं.

तांब्याच्या तारेचा निर्णय

आता येऊ २००४ मध्ये. मला विचाराल तर या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वर्ष हेच.

एव्हाना देशात चार कोटींच्या वर लँडलाइन झाल्या होत्या. बहुतेक सगळ्या बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या, म्हणजे सरकारी. टेलिफोन एक्सचेंजपासून तुमच्या घरापर्यंत येणारी ही तांब्याची जोडी फार कामाची चीज आहे. तिच्यावर डीएसएल तंत्र लावलं की त्याच तारेतून बोलणंही चालतं आणि नेटही, आणि फोन एंगेज लागत नाही. रस्ता नव्याने खोदावा लागत नाही. तार आधीच टाकलेली आहे.

मग प्रश्न असा होता की या तारेवरून नेट कोण विकणार? फक्त तारेचा मालक? की इतर कंपन्यांनीही भाडं देऊन ती वापरावी? याला लोकल लूप अनबंडलिंग म्हणतात. साध्या भाषेत, रस्ता एकाचा, पण टोल भरून गाड्या सगळ्यांच्या. फ्रान्सने हे केलं. तिथे फ्री नावाच्या कंपनीने २००२ मध्ये जुन्या सरकारी कंपनीच्या तारेवर फ्रीबॉक्स आणला, महिन्याला ३० युरोच्या आत. स्पर्धा लागली, दर खाली आले, घराघरांत नेट गेलं.

आपल्याकडे ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २००४ मध्ये हीच शिफारस केली. पण ऑक्टोबर २००४ मध्ये सरकारचं ब्रॉडबँड धोरण आलं, त्यात ही सक्ती नव्हती. बीएसएनएल आणि एमटीएनएलने हवं तर आपसात बोलून, व्यापारी तत्त्वावर इतरांशी करार करावेत, एवढंच. सरकारची बाजूही समजून घेऊ. ही तार सार्वजनिक पैशातून टाकलेली होती. ग्रामीण भागात तोट्यात फोन चालवायची जबाबदारी याच कंपन्यांवर होती. त्यांच्या हातातलं एकमेव घबाड खासगी कंपन्यांना का द्यायचं, हा विचार काही वेडगळ नव्हता. पण परिणाम काय झाला? खासगी कंपन्यांनी तारेचा नाद सोडला आणि सगळा पैसा टॉवरमध्ये घातला.

त्याच धोरणात सरकारने लक्ष्य ठेवलं होतं : २०१० पर्यंत दोन कोटी ब्रॉडबँड कनेक्शन. ब्रॉडबँडची व्याख्या काय, तर किमान २५६ केबीपीएस. आज या वेगाला आपण "नेट गेलं" म्हणतो. २०१० संपलं तेव्हा कनेक्शन होती साधारण एक कोटी दहा लाख. लक्ष्याच्या निम्म्यापेक्षा थोडी जास्त. आणि मोबाइलचं काय? २००४ च्या उत्तरार्धातच मोबाइलची संख्या लँडलाइनच्या पुढे गेली होती. त्यानंतर लँडलाइन कमी होत गेली. ज्या तारेवरून घरात नेट यायचं, ती तारच लोक कापून टाकत होते.

फोनचा मॉडेम

आता जुळ्यातल्या दुसऱ्या भावंडाकडे वळू. मोबाइलवरून कॉम्प्युटरला नेट द्यायची कल्पना हॉटस्पॉटपेक्षा बरीच जुनी आहे.

डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स इन्फोकॉम आलं. पुढच्या वर्षीच्या "मान्सून हंगामा" योजनेत ५०१ रुपये भरून हँडसेट मिळायचा. त्या सीडीएमए फोनला डेटा केबल लावून कॉम्प्युटरवर #७७७ डायल केलं की नेट चालू. जीएसएमवाल्यांचा नंबर वेगळा : *९९#. तुमच्यातल्या मोठ्या भावंडांना विचारा, त्यांना हे नंबर अजून पाठ असतील. नोकिया ६६०० सारखा फोन ब्लूटूथने कॉम्प्युटरला जोडायचा, पीसी स्वीट उघडायचं, डायल करायचं आणि जीपीआरएसच्या वेगाने एक ईमेल उघडेपर्यंत चहा करून यायचा.

इथे गंमत बघा. कॉम्प्युटर अजूनही फोन "डायल" करतोय. म्हणजे त्याला वाटतंय की आपण लँडलाइनच्या मॉडेमशीच बोलतोय. नवी वस्तू जुन्या वस्तूचा वेश घालून आली होती. तंत्रज्ञानात हे नेहमी होतं.

नंतर डोंगल आला. यूएसबीच्या पोर्टात खोचायची ती पेनड्राइव्हसारखी कांडी. फोटॉन, नेटकनेक्ट ही नावं आठवत असतील. गल्लीत तार नसलेल्या अनेक विद्यार्थ्यांनी, सीएंनी, लॉजवर राहणाऱ्या सेल्समननी पहिलं "स्वतःचं" नेट या कांडीवर वापरलं. पण कांडी एकाच लॅपटॉपला लागायची. वाटून घ्यायची सोय नव्हती.

खिशातला राउटर

वाटून घ्यायची सोय आली २००८ च्या आसपास. फिनलंडच्या एका छोट्या कंपनीने नोकियाच्या सिम्बियन फोनसाठी जोइकूस्पॉट नावाचं अॅप काढलं. फोनच स्वतःचं वायफाय सोडायचा आणि बाकीची उपकरणं त्याला जोडली जायची. त्याच वर्षी आयफोनवर नेटशेअर नावाचं असंच अॅप आलं आणि अॅपलने ते काढून टाकलं. मग मे २०१० मध्ये गूगलने अँड्रॉइड २.२, म्हणजे फ्रोयो, जाहीर केलं. त्यात हॉटस्पॉट फोनमध्येच दिलेला होता, आठ उपकरणांपर्यंत. मार्च २०११ मध्ये आयओएस ४.३ सोबत आयफोनवरही पर्सनल हॉटस्पॉट आला.

आत नेमकं काय होतं, ते दोन मिनिटांत सांगतो. मोठ्या सोसायटीची कल्पना करा. बाहेरच्या जगाला फक्त सोसायटीचा पत्ता माहीत आहे. आतले फ्लॅट नंबर फक्त गेटवरच्या वॉचमनला माहीत. कुरिअर आलं की वॉचमन वही बघतो : हे पार्सल मागवलं कुणी? मग त्या फ्लॅटला पाठवतो. तुमचा फोन हॉटस्पॉट लावतो तेव्हा तो हा वॉचमन होतो. लॅपटॉपला तो घरगुती पत्ता देतो. अनेक वर्षं अँड्रॉइडवर फोनचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.४३.१ असायचा. सगळ्यांची मागणी तो स्वतःच्या नावाने बाहेर पाठवतो, आणि उत्तर आलं की वही बघून वाटतो. या युक्तीला नॅट म्हणतात. तिची पहिली रीतसर मांडणी मे १९९४ ची, म्हणजे आपल्या पहिल्या मोबाइल कॉलच्याही आधीची.

या वॉचमनवर अमेरिकेतल्या कंपन्या मात्र चिडल्या. तिथे कंपन्यांनी "अनलिमिटेड" डेटा विकला होता, पण फोनवर माणूस वापरून वापरून किती वापरेल या हिशोबाने. लॅपटॉप जोडला की तो हिशोब कोलमडतो. म्हणून एटी अँड टीने २०१० मध्ये टेदरिंगसाठी महिन्याला वेगळे २० डॉलर लावले. व्हेरायझनने गूगलला टेदरिंगची अॅप्स आपल्या ग्राहकांपासून लपवायला सांगितली. ते प्रकरण तिथल्या नियामकापर्यंत गेलं आणि जुलै २०१२ मध्ये व्हेरायझनने साडेबारा लाख डॉलर भरून ते मिटवलं.

आपल्याकडे हा वाद रंगलाच नाही. कारण आपलं गिऱ्हाईक प्रीपेडवालं. दहातले नऊपेक्षा जास्त. आपण एमबी मोजून विकत घेत होतो. विकलेली एमबी तुम्ही फोनवर संपवा की लॅपटॉपवर, कंपनीला काय फरक पडतो? उलट लवकर संपली तर लवकर रिचार्ज. हॉटस्पॉट आपल्याकडे इतका सहज रुजला त्यामागे हे साधं दुकानदारी कारण आहे.

पण डेटा महाग होता. २०१० च्या थ्रीजी लिलावात ३४ दिवस बोली चालली आणि सरकारला ६७,७१९ कोटी रुपये मिळाले. कंपन्यांनी एवढे पैसे मोजल्यावर थ्रीजी स्वस्त कसं मिळणार? त्याच वर्षी आणखी एक लिलाव झाला, वायरलेस ब्रॉडबँडसाठी. त्यात इन्फोटेल नावाच्या, फारशी कुणाला माहीत नसलेल्या कंपनीने १२,८४८ कोटींना सगळ्या २२ सर्कलमधल्या लहरी घेतल्या. निकालाच्या दिवशीच रिलायन्स इंडस्ट्रीजने त्या कंपनीचा ९५ टक्के हिस्सा घेतला. पुढे तिचं नाव झालं जिओ.

रात्री बारा वाजता

५ सप्टेंबर २०१६. जिओ सुरू झालं तेव्हा मी इंजिनिअरिंगला दुसऱ्या वर्षाला होतो. पहिले काही महिने सगळं फुकट. सिमसाठी दुकानाबाहेर रांगा. १७० दिवसांत १० कोटी ग्राहक. बाकीच्या कंपन्यांना दर पाडावेच लागले. ट्रायच्या आकड्यांनुसार एक जीबीचा सरासरी दर २०१४ मध्ये होता २६९ रुपये, २०१८ मध्ये ११ रुपये ७८ पैसे.

आणि एक नवीन गोष्ट आली : रोजचा कोटा. दिवसाला एक जीबी, मग दीड, मग दोन. शिल्लक उद्यावर जात नाही. रात्री बाराला नवा दिवस, नवा कोटा. हॉस्टेलवर आम्ही अकरा वाजता एकमेकांना विचारायचो, "कुणाचा शिल्लक आहे?" ज्याचा उरलाय तो हॉटस्पॉट लावायचा आणि चौघांचे लॅपटॉप त्यावर. नाहीतरी वाया जाणारच होता. रोजच्या कोट्याने हॉटस्पॉटला दानधर्माचं रूप दिलं. महिन्याचा एकच मोठा कोटा असता तर एवढं मन मोठं झालं असतं का, मला शंका आहे.

पुण्यात नोकरीला लागल्यावरही तेच. भाड्याची खोली, ११ महिन्यांचा करार. वायर टाकायला भिंतीला भोक पाडायचं तर मालकाची परवानगी हवी. पुढच्या वर्षी खोली बदलली की पुन्हा अर्ज, पुन्हा वाट बघणं. हॉटस्पॉटला पत्ता लागत नाही, मालकाचं ना हरकत लागत नाही. स्थलांतर करणाऱ्या तरुण माणसासाठी ही फार मोठी सोय आहे, आणि मी तिला नावं ठेवणार नाही.

पण याच काळातला एक सरकारी आकडा लक्षात ठेवा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भागात इंटरनेटची सोय असलेली घरं होती १४.९ टक्के, शहरात ४२ टक्के. कॉम्प्युटर असलेली घरं ग्रामीण भागात ४.४ टक्के. म्हणजे जग "डेटा स्वस्त झाला" म्हणत होतं तेव्हाही बहुतेक घरं रिकामीच होती. मग आलं २०२०.

नेट घराबाहेर जातं तेव्हा

मार्च २०२० ला टाळेबंदी लागली तेव्हा देशात तारेवरची ब्रॉडबँड कनेक्शन होती सुमारे १ कोटी ९० लाख. आणि मोबाइलवरची? ६६ कोटींच्या वर. शाळा, कॉलेज, ऑफिस, बँक, दवाखाना हे सगळं एका आठवड्यात घरी आलं. आणि घरी नेट नव्हतं, माणसांकडे होतं.

मी दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी होतो. घरात फोन तीन : बाबांचा, माझा आणि धाकट्या बहिणीचा. आमच्या वाडीत रेंज नीट पकडायची ती फक्त बाबांच्या सिमला. माझं सिम सड्यावर गेलं की चालायचं, घरात नाही. मग बाबांचा फोन माळ्याच्या खिडकीत ठेवून त्याचा हॉटस्पॉट घ्यायचा, त्यावर माझं ऑफिस आणि बहिणीचं कॉलेज.

पण तो आंब्याचा हंगाम होता. बाजार समित्यांचं तंत्र बिघडलेलं, त्यामुळे कोकणातल्या बऱ्याच बागायतदारांनी त्या वर्षी व्हॉट्सअॅपवर ऑर्डरी घेऊन पेट्या थेट गिऱ्हाइकाकडे पाठवल्या. बाबाही त्यातलेच. सकाळी दहाला ते पिकअपमध्ये पेट्या घालून निघायचे, आणि फोन अर्थातच बरोबर. गिऱ्हाइकाचे फोन त्यावरच येणार ना. पिकअप पऱ्याच्या पुलापलीकडे गेला की आमच्या घरातलं इंटरनेट गेलं. मी लॅपटॉप पाठीला लावून सड्यावर जायचो. बहिणीला आई म्हणायची, "तू कुठे एकटी सड्यावर जातेस, राहू दे आजचं." तिचं लेक्चर राहायचं.

यात वाईट कुणीच नव्हतं. बाबा काम करत होते, आई काळजी करत होती. पण त्या दिवसांत मला एक गोष्ट लख्ख कळली. घराचं इंटरनेट आणि माणसाचं इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातलं नेट घरात राहणाऱ्या सगळ्यांचं असतं, न मागता. माणसाचं नेट त्या माणसाबरोबर उंबऱ्याबाहेर जातं. आणि मागे घरात कोण उरतं? आई, आजी, मुली, लहान पोरं.

हे फक्त आमच्या घरापुरतं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारलं, तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे का? हो म्हणाल्या ५३.९ टक्के. कधी ना कधी इंटरनेट वापरलंय अशा स्त्रिया ३३.३ टक्के, पुरुष ५७.१ टक्के. आता २००४ चा निर्णय पुन्हा आठवा. आपण तारेऐवजी टॉवर निवडला, म्हणजे घराऐवजी व्यक्ती निवडली. आणि ज्या घरांत फोन आधी पुरुषाच्या हातात जातो, तिथे इंटरनेटही आधी त्याच्याच हातात गेलं. बाकीच्यांनी मागून घ्यायचं.

त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या पट्ट्यात माड-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले. कित्येक गावांत काही आठवडे वीज नव्हती. टॉवरची बॅटरी काही तासांची, मग डिझेल. रस्ते बंद तर डिझेल कुठून येणार? तेव्हा कुणाचाच हॉटस्पॉट चालला नाही. एका टॉवरवर सगळं गाव टांगलेलं असलं की असं होतं. तार असती तर टिकली असती असं नाही, तीही तुटलीच असती. पण दोन वाटा असणं आणि एकच असणं यात फरक आहे.

संध्याकाळी आठला स्लो का होतं?

हा प्रश्न तुमच्यातले बरेच जण विचारतात, म्हणून थोडं इंजिनिअरिंग. टॉवरचा एक भाग एका दिशेला जी लहर सोडतो, तिची एकूण क्षमता ठरलेली असते. त्या दिशेतले सगळे फोन ती वाटून घेतात. दुपारी तीन वाजता वीस जण, रात्री आठला दोनशे. तुमच्या फोनवर पाच कांड्या पूर्ण दिसतात, कारण सिग्नल जोरात आहे. पण वाटेकरी वाढलेत. विहीर भरलेली आहे आणि रहाट एकच, असं समजा. फायबरमध्येही वाटणी असते, पण तिथे विहीर कैक पटींनी मोठी आणि वाटेकरी मोजके. शिवाय लहर हवेतून येते, डोंगर, स्लॅब, पाऊस सगळं मध्ये येतं. काचेच्या धाग्याला त्याचं काही नसतं.

मग काचेचा धागा घरोघर का नाही? रस्ता खोदायची परवानगी, ग्रामपंचायत, नगरपालिका, महामार्ग, वनखातं, प्रत्येकाचं वेगळं शुल्क. मार्गाधिकाराचे देशपातळीवरचे नियम आले ते २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. तिलाच आपण आज भारतनेट म्हणतो. पण धागा ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत पोचणं आणि वाडीतल्या घरापर्यंत पोचणं यात ओढे, सडे आणि कुणाची तरी आमराई असते.

गच्चीवरचा हॉटस्पॉट

गोष्टीचं शेवटचं वळण मजेशीर आहे. १ ऑक्टोबर २०२२ ला फाइव्हजी सुरू झालं. २०२३ मध्ये एअरटेल आणि जिओ दोघांनीही एअरफायबर आणलं. नावात फायबर, पण घरापर्यंत धागा नाही. गच्चीवर एक डबा बसवतात, तो टॉवरशी बोलतो आणि घरात वायफाय देतो. मंडळी, हा काय आहे? हा हॉटस्पॉटच आहे. फक्त तो खिशातून काढून भिंतीला खिळला. तीस वर्षांनी त्या दोन जुळ्या भावंडांची पुन्हा गाठ पडली म्हणा ना.

तंत्र म्हणून त्याला मर्यादा आहेत. टॉवर तोच, वाटणी तीच. पण मला त्यातली एक गोष्ट तंत्रापेक्षा मोठी वाटते. तो डबा सकाळी दहाला पेट्या पोचवायला जात नाही. तो घरात राहतो. त्याचा पासवर्ड आजीला माहीत असू शकतो. कुणाची बॅटरी, कुणाचा कोटा, कुणाचा मूड, यावर तो चालत नाही.

म्हणून "मला हॉटस्पॉट पुरतो, घरी कनेक्शन कशाला?" असा हिशोब करताना एक आकडा जास्त धरा. एकटे राहत असाल, खोली बदलत असाल, तर खुशाल हॉटस्पॉटवर राहा. तो आपल्या पिढीचा हक्काचा जुगाड आहे आणि चांगला जुगाड आहे. पण गावी आई-वडिलांचं घर असेल, तर तुम्ही तिथे नसताना त्या घरात नेट कुणाच्या नावावर चालतं ते विचारा. चार माणसांच्या चार रिचार्जची बेरीज करा. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवल्यापासून ती बेरीज बदललीय. तिच्याशेजारी एका घरगुती कनेक्शनचा दर लिहा. आणि मग पैशांच्या पलीकडचा प्रश्न विचारा : आपल्या घरात असं कोण आहे, ज्याला आजही नेट मागून घ्यावं लागतं?

आमच्या घरी आता गच्चीवर असा एक डबा आहे. त्याचं बिल माझ्या बहिणीच्या नावावर येतं.

तुमच्या घरातलं पहिलं नेट कसं आलं? सायबर कॅफे, डोंगल, *९९#, की थेट हॉटस्पॉट? आवाज रेकॉर्ड करून नक्की पाठवा, घरातल्या मोठ्यांनाही बोलतं करा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि कुणी हॉटस्पॉट मागितला तर नाही म्हणू नका.